वहिनीच्या फुप्फुसांचं अनुदान

रोह्याच्या एका महाविद्यालयात मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि माझी वहिनी पेणमध्ये गणपती घासायची. घासायची म्हणजे साच्यातून निघालेल्या पीओपीच्या मूर्तीचे सांधे आणि उंचवटे पॉलिश पेपरने गुळगुळीत करायची. रंगाऱ्याकडे जाण्याआधी प्रत्येक मूर्तीला हा हात लागतो. कारखान्यांत हे काम बहुतेक बायकाच करतात. मूर्ती मांडीशी घेऊन, नाकाला जुन्या साडीचा तुकडा बांधून दिवसभर बसतात, आणि संध्याकाळी उठतात तेव्हा त्यांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या झालेल्या असतात.

आई गेली तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर मला वाढवलं ते वहिनीने, आणि अजूनही मी पेणला तिच्याच घरी राहून रोह्याला जाऊन-येऊन करते. मला डॉक्टरेट मिळाली त्या दिवशी तिने कारखान्यात पेढे वाटले आणि आमच्या घरात आता डॉक्टर हाय असं सगळ्यांना सांगून आली. मी म्हटलं, "वहिनी, मी औषधं देणारी डॉक्टर नाही."

"मंग कसली?"

"शरीर कसं चालतं ते शोधणारी."

"मंग माझा खोकला कशानं हाय ता शोध गो," ती म्हणाली, आणि बोलता बोलता तिला उबळ आली.

तो खोकला पूर्वी गणपतीच्या आधीच्या घाईच्या दिवसांत यायचा आणि गणपती गेले की थांबायचा. नंतर तो वर्षभर घरात राहायला लागला. एका डॉक्टरांनी दमा सांगितला, दुसऱ्यांनी ॲलर्जी. टीबीची तपासणी झाली, त्यात काही निघालं नाही. वहिनीच्या शेजारी बसणाऱ्या बायकांचंही थोड्याफार फरकाने हेच चाललं होतं. मी शोधायला बसले तर खाणकामगारांवर लेख सापडले, सिमेंटवर सापडले, कापूस पिंजणाऱ्यांवर सापडले. मूर्ती घासणाऱ्या बायकांच्या छातीत काय होतं, याबद्दल मला काहीच सापडेना. देशभर जाणारे गणपती ज्यांच्या हातून जातात, त्यांचा श्वास कुणी मोजलाच नव्हता.

त्याच सुमारास सरकारी संशोधन अनुदानाची जाहिरात निघाली. आरोग्यविषयक संशोधन, आणि तेही खास लहान गावांतल्या संस्थांसाठी. ती वाचताना मला वाटलं, ही आपल्यासाठीच काढलीय. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, कशाला हा व्याप? तुमचे तास कोण घेणार?" पण सही त्यांनी केली. मी उन्हाळ्याची सुट्टी त्या प्रस्तावावर घालवली. हंगामाच्या आधी आणि नंतर बायकांच्या श्वासाची क्षमता मोजायची, रक्त तपासायचं, कारखान्यातल्या हवेतली धूळ मोजायची, असा साधा आराखडा होता. त्यात मी एक परिच्छेद फार जपून लिहिला होता: प्रत्येक बाईला तिचा अहवाल महिन्याभरात मराठीत मिळेल, आणि ज्यांचा अहवाल वाईट येईल त्यांच्यावर पेणमधल्या डॉक्टरांकडे उपचार सुरू होतील.

मुलाखत ऑनलाइन होती. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत खिडकीशी, जिथे नेटवर्क नीट मिळतं तिथे, मी लॅपटॉप घेऊन बसले. समोर तीन तज्ज्ञ. त्यातले एक चालत्या गाडीत होते. मागच्या काचेतून झाडं पळताना दिसत होती.

"प्राथमिक माहिती कुठे आहे?" एकांनी विचारलं.

मी म्हटलं, "या बायकांवर अजून कुणी काम केलेलं मला सापडलेलं नाही, सर. म्हणून तर अर्ज केलाय."

"म्हणजे प्रस्तावाला आधार नाही."

मी पुन्हा सांगायला लागले, तर गाडीतले तज्ज्ञ मध्येच म्हणाले, "पेणच्या बाहेर याचा उपयोग कुणाला? हे संशोधन आहे की समाजसेवा?"

मी उत्तर दिलं, पण ते कुणी ऐकत होतं असं वाटलं नाही. नकार आला त्यात कारण दिलं होतं की संस्थेकडे सुविधा नाहीत आणि मानवी संशोधनाला परवानगी देणारी नीतिसमितीही नाही. सक्षम संस्थेच्या सहकार्याने पुन्हा अर्ज करावा, असा सल्लाही होता. लहान संस्थांसाठी काढलेल्या योजनेत मला संस्था लहान आहे म्हणून नाकारलं होतं. त्या दिवशी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मी हृदयाच्या झडपा शिकवत होते, आणि माझा आवाज इतका चढला की पहिल्या बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या.

तरी मी मुंबईला गेले. एका मोठ्या संस्थेतल्या श्वसनविकाराच्या वरिष्ठ डॉक्टरांनी वेळ दिला. माणूस सभ्य होता. त्यांनी चहा मागवला, प्रस्ताव शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, "विषय सुंदर आहे." वहिनी जिना चढताना मधल्या पायरीवर थांबते ते मला आठवलं आणि सुंदर हा शब्द टोचला. प्रमुख संशोधक वैद्यकीय पदवीधर असावा लागेल, ते म्हणाले, म्हणजे ते स्वतः. मी स्थानिक समन्वयक. मी हो म्हटलं. नाव कुणाचंही लागो, तपासणी होऊ दे, एवढाच विचार तेव्हा केला.

पुढच्या फेरीत तोच प्रस्ताव मंजूर झाला. प्रश्न तेच, कारण तेच, माझी वाक्यंसुद्धा जशीच्या तशी. वर नाव मोठ्या संस्थेचं होतं, एवढाच फरक. आता आधार कुठे आहे असं कुणी विचारलं नाही.

बायका गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. दुपारी जेवायच्या सुट्टीत मी कारखान्यांत जाऊन बसायचे. त्यांचे प्रश्न सरळ होते. रक्त किती काढणार? मालकाला कळेल का? आमाला सांगणार ना काय निघाला ता? मी म्हणायचे, महिन्याभरात सांगणार. वहिनी माझ्या शेजारी उभी राहून म्हणायची, "माझी नणंद हाय, खोटा नाय बोलायची." तिच्या शब्दावर बायका तयार झाल्या.

मुंबईहून टीम आली, समाजमंदिरात टेबलं लागली. एकेक बाई यंत्रात फुंकायची, रक्त द्यायची, बिस्कीट खाऊन कामावर परतायची. संध्याकाळी टीम गेली. महिना गेला, मग आणखी महिने. वहिनी रोज जेवताना विचारायची, "माझा काय आला गो?" मी मुंबईला फोन करायचे. विश्लेषण चालू आहे, असं उत्तर मिळायचं. मधला सगळा हंगाम वहिनी त्याच धुळीत बसली, कारण सोड म्हणायला माझ्या हातात काही नव्हतं.

शेवटी एका सहायकाने मला स्पष्ट सांगितलं, "मॅडम, वैयक्तिक अहवाल देणं आराखड्यात नाहीये." मी अंतिम आराखडा मागवला. तो तोवर मला कुणी दाखवलाच नव्हता. माझा परिच्छेद त्यात नव्हता. अंदाजपत्रकात बसत नाही म्हणून काढला होता. परदेशातल्या परिषदेचा प्रवास मात्र बसला होता.

मी ते घरी वहिनीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने कारखान्यात काय सांगितलं ते मला हंगामानंतरच्या फेरीला टीम पुन्हा आली तेव्हा कळलं.

समाजमंदिरात बायका सगळ्या आल्या होत्या. वेळेवर, ओळीत बसल्या होत्या. वहिनी पहिली उठली, यंत्रासमोरच्या खुर्चीत बसली, आणि सहायकाने पुढे केलेली नळी तिने घेतली नाही.

"मागल्या वेळचा काय झाला?" तिने विचारलं.

"ताई, ते सगळं डेटामध्ये आहे."

"डेटा कुठं हाय?"

"मुंबईला."

"मंग मुंबईलाच फुंकून घ्या," वहिनी म्हणाली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

कुणी हसलं नाही. मागून एक वयस्कर बाई म्हणाली, "रगत घेऊन जाता, वारा घेऊन जाता, आमचा आमाला सांगाया काय जातंय तुमचा?" सहायक माझ्याकडे बघायला लागला. बिचारा नोकरीतला मुलगा, त्याच्यावर काय चिडायचं. त्याने बाहेर जाऊन फोन लावला आणि आणून माझ्या हातात दिला.

वरिष्ठ डॉक्टर म्हणाले, "तुम्ही समन्वयक आहात. त्यांची समजूत घालणं तुमचं काम आहे."

"त्यांना सगळं समजलंय, सर. आता तुम्ही समजून घ्या."

"प्रकल्प बंद पडला तर पुन्हा कुणी पेणला येणार नाही."

"आधी कोण येत होतं?" मी विचारलं. मी म्हटलं, "पहिल्या दिवशी यंत्राने आकडे दाखवले तेव्हाच तुमच्या लोकांना कळलं होतं कुणाची छाती किती खराब आहे. तरी या बायकांना तुम्ही अख्खा हंगाम त्या धुळीत बसू दिलंत. अहवाल पाठवा, मग बोलू." मी फोन ठेवला. त्या दिवशी टीम यंत्रं गाडीत भरून परत गेली.

अहवाल आले. इंग्रजीत, आकडे आणि आद्याक्षरांनी भरलेले. पेणमधल्या एका डॉक्टरांनी रविवारी दवाखाना उघडून दिला. मी मराठीत लिहून देत होते आणि ते एकेकीला आत बोलावून समजावत होते. बऱ्याच जणींची छाती ठीक होती. काहींना औषधाने फरक पडेल असं होतं. वहिनीचा नंबर आला तेव्हा मी बाहेर जायला उठले, तिने मला हाताला धरून बसवलं.

डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं की फुप्फुसं आकसली आहेत. गेलं ते परत येणार नाही. काम आजच थांबवलं तर आहे ते टिकवायचा प्रयत्न करता येईल.

वहिनीने विचारलं, "तवाच सांगितला असता तर?"

डॉक्टर म्हणाले, "निदान हा हंगाम वाचला असता."

तिने पदराने तोंड पुसलं आणि उठली. घरी जाताना ती वाटेत दोनदा थांबली. घरी पोचल्यावर हातपाय धुऊन तिने भात लावला. मी तिच्या मागे स्वयंपाकघरात उभी होते आणि मला काहीतरी फोडावंसं वाटत होतं. तिने मागे न बघता म्हटलं, "जेवून घे. उद्या तुला रोह्याला जायचा हाय."

त्यानंतर बायकांनी आपसात ठरवून दुसऱ्या फेरीला टीमला येऊ दिलं. वहिनीही फुंकून आली. का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "बाकीच्यांचा कळाया नको?" तिने घासकाम सोडलं आणि आता ओळखीच्या एका घरी पापड लाटायला जाते. कारखान्याच्या मालकाने धूळ ओढणारा पंखा बसवला, पण त्याच्या झोताने भुकटी उडून ओल्या रंगावर बसते म्हणून तो बहुतेक वेळा बंदच असतो. त्या अभ्यासावर परदेशात निबंध वाचला गेला. मला त्याची प्रत मिळाली. त्यात पेणच्या बायकांचा उल्लेख ‘नमुना’ असा आहे.

मी माझा राग एका कामात घातला. आमच्याच महाविद्यालयात नीतिसमिती उभी करायची. पेणचे ते डॉक्टर तयार झाले, रोह्यातल्या एक वकीलबाई आल्या, आणि सामान्य नागरिकांच्या जागेवर मी मूर्ती रंगवणाऱ्या एका बाईंचं नाव दिलं. प्राचार्यांनी विचारलं, "यांना यातलं काय कळणार?" मी म्हटलं, "आपल्याला फसवलं जातंय का, एवढं कळलं तरी पुष्कळ आहे." त्यांनी यादी पुन्हा एकदा वाचली आणि म्हणाले, "करा." नोंदणीसाठी कागद तीनदा परत आले. एकदा शिक्का पुसट होता म्हणून. शेवटी नोंदणी झाली.

मग मी माझ्या नावाने, आमच्या संस्थेच्या नावाने, पुन्हा अर्ज केला. या वेळी मंजूर झाला. मंजुरीला आता बरेच महिने झाले, पण निधीचा पहिला हप्ता अजून आलेला नाही. विचारलं की प्रक्रियेत आहे असं सांगतात. कारखान्यांत घाईचे दिवस सुरू झाले आहेत. मी दर रविवारी पेणच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बसते, त्यांच्याच यंत्रावर तपासते, आणि प्रत्येकीला तिचा अहवाल लगेच हातात देते. याला कुणी संशोधन म्हणणार नाही. न म्हणोत.

गेल्या रविवारी एक नवी मुलगी आली. लग्न होऊन नुकतीच पेणला आलेली, सासूबरोबर कामाला लागलेली. तिने फुंकलं आणि आकडे उत्तम आले. मी तिला म्हटलं, "तुझी छाती चांगली आहे. ती अशीच राहायला हवी असेल तर या कामात फार दिवस राहू नकोस."

"व्हय," ती म्हणाली. मग थोडं थांबून विचारलं, "मंग कुठल्या कामाला जाऊ, मॅडम?"

मी तिचा अहवाल लिहून तिच्या हातात दिला. तिने कागद घडी करून कंबरेला खोचला आणि सासू बाहेर वाट बघत होती तिकडे गेली.