महूच्या अनंताचा उन्हाळा

माझ्या हातून आजवर एक झाड जगलेलं नाही. तुळससुद्धा नाही. तिचं लग्न लावून आम्ही मोकळे झालो की महिन्याभरात ती मान टाकते, आणि बायको विचारते, "तुम्ही लक्ष ठेवून होतात ना तिच्यावर? मग बरोबर."

अशा माणसाच्या ताब्यात अनंताचं रोप देऊन बायको लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली. मार्च संपत आला होता. रोप साधंसुधं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण ते महूचं होतं. महू म्हणजे तिचं माहेर. सासूबाई गेल्यावर ते घर विकलं, आणि नवा मालक अंगण खणून काढायच्या आत हिनं आईच्या हातच्या अनंताचं कलम करून आणलं, आमच्या फाटकाशेजारी लावलं. माहेरचं म्हणून तिच्याकडे तेवढंच उरलं होतं. निघताना मला म्हणाली, "अहो, एवढं सांभाळा." बस.

मी रिटायर्ड बँक मॅनेजर. काम आलं की आधी मीटिंग घ्यायची, ही जन्माची खोड. मोबाइलवर बागकामाचे व्हिडिओ बघितले आणि बाबांना समोर बसवून मुळं, माती, बाष्पीभवन सगळं तपशिलात समजावलं. बाबा ऐंशीच्या पुढचे, फार शांतपणे ऐकत होते. शेवटी कळलं की कानातलं मशीन त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं.

आम्ही इंदूरचे लोक मालव्यातल्या रात्रींचं कौतुक सांगून पाहुण्यांचा जीव खातो. मालव्यातल्या दुपारींबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. एप्रिलमध्ये लूचे भाजणारे वारे सुटले आणि दुपार झाली की अनंत मान टाकायला लागला. मी बँकेतून निरोप समारंभात मिळालेली भलीमोठी छत्री काढली आणि पायजम्याच्या नाड्यानं फाटकाला बांधली. एवढी वर्षं लोकांच्या तिजोऱ्या सांभाळल्या, पण नाड्याची गाठ काही धड बसली नाही. छत्री उडाली ती थेट शेजारच्या भाभीजींच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या आलूच्या चिप्सवर. भाभीजी स्वतः ती परत घेऊन आल्या. "लो भियाजी, आपकी छतरी. हवा खाने आई थी." चिप्सबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचं सगळं लक्ष अनंताकडे होतं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, पण येते कुठं.

मग चार काठ्या रोवून बायकोच्या जुन्या सुती साडीचा मांडव घातला. रोज संध्याकाळी बादलीभर पाणी. आमची माती काळी, वरून भेगाळलेली, म्हणून वर आणखी अर्धी बादली. तरी मे लागला आणि पानं पिवळी पडायला लागली. ऊन फारच बाधतंय, असा माझा निष्कर्ष. पाणी वाढवलं. बायको व्हिडिओ कॉलवर म्हणायची, "जरा अनंत दाखवा." मी म्हणायचो, "आधी नातू दाखव गं." नातू बघून झाला की माझा फोन नेमका हँग व्हायचा.

एका पहाटे लाइट गेली, कूलर बंद पडला, म्हणून मी घामाघूम होऊन बाहेर आलो. बघतो तर बाबा एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात झारी घेऊन अनंतापाशी वाकलेले.

"बाबा, हे काय?"

"सूनबाई सांगून गेलीय मला. म्हणाली, ह्यांच्या भरवशावर राहू नका. मी रोज घालतो."

मी काही बोलणार, तेवढ्यात कंपाउंडच्या भिंतीवरून पाण्याचा पाइप आला आणि पाठोपाठ भाभीजींचं डोकं. आम्हाला बघून त्या जरा ओशाळल्या. "दीदी बोल के गई थीं भियाजी, कि आपसे नहीं होगा."

मी खाली बसलो आणि मातीत बोट घातलं. वर खपली आणि आत नुसता चिखल, कुबट वासाचा. उन्हाला मी उगाच शिव्या घालत होतो. अनंताला आम्ही तिघं मिळून बुडवत होतो.

मला बायकोचा भयंकर राग आला, पण झाड आधी. मुळांना धक्का न लावता वरचा चिखल काढला, भोवती वाळू आणि पालापाचोळा मिसळला, कूलरच्या जाळीतलं जुनं खसाचं गवत बुंध्याभोवती पसरलं. पाणी बंद. पाणी घालण्यापेक्षा न घालणं किती अवघड असतं, ते तेव्हा कळलं. बाबा वऱ्हांड्यात खुर्ची टाकून माझ्यावर पहारा द्यायचे आणि मी त्यांच्यावर. भाभीजींनी तर पाइपच आमच्याकडे आणून ठेवला, म्हणे मोह नको. पानं मात्र गळतच राहिली. शेवटी उरली एक काडी.

बायको आली ती पाऊस सुरू व्हायच्या जरा आधी. रिक्षातून उतरली आणि सामान तसंच सोडून काडीपाशी गेली. मी भाषण तयारच ठेवलं होतं.

"तीन-तीन माणसं लावलीस? माझ्यावर इतका अविश्वास? त्या भाभीजींसमोर माझी काय शोभा झाली!"

ती वाकून काडीची साल नखानं खरवडत होती. आत हिरवं होतं. बुंध्याशी तांदळाच्या दाण्याएवढा एक कोंब होता, जो मला चष्मा लावूनही दिसला नव्हता. तिनं तो बोटानं हलकेच चाचपला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"आईचा शेवटचा उन्हाळा आठवतो? दादाला वाटलं मी जाऊन येतेय. मला वाटलं वहिनी जातेय. तुम्हाला वाटलं आम्ही बहीण-भाऊ बघून घेऊ. ती एकटीच होती तिथं. म्हणून ह्या वेळी सगळ्यांना सांगून गेले."

मी रिक्षातलं तिचं सामान उतरवायला घेतलं. बाबांनी वऱ्हांड्यातून विचारलं, "काय म्हणतेय ती? जगला का?"

"जगला," मी म्हणालो.

महू आमच्या घरापासून गाडीनं जेमतेम तासभर आहे.