पांढऱ्या पापणीला मी गुलाबी म्हणालो

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि दोन पेग झाल्यावर पोटातलं सगळं काढून घेणारे जे मित्र असतात, त्यांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही धड ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

आधी एक छोटी लबाडी सांगून टाकतो, म्हणजे मोठीकडे जायला जीभ जरा सैल होईल. मी मटण खात नाही. आमच्या पिंपळगाव राजात लोकांना वाटतं, गुरुवारी शेगावला जातो म्हणून सोडलं. सासरे तर पाहुण्यांसमोर कौतुकानं सांगतात — जनावरांचा डॉक्टर, पण माणूस देवाचा. मी खाली मान घालून वरण-भात कालवत राहतो. देवाचा! अहो, मटण समोर आलं की मला एका बकरीचं चिरलेलं पोट दिसतं, म्हणून ते घशाखाली उतरत नाही. त्यात भक्तीबिक्ती काही नाही. शिसारी आहे, आणि ती बकरीची नाही.

मी डॉक्टरही नाही खरं तर. जनावरांच्या उपचाराची पदविका केलेला माणूस. पण खांद्याला बॅग आणि बुडाखाली मोटारसायकल असली की आमच्याकडे डॉक्टरच म्हणतात, आणि मीही कधी कोणाची चूक दुरुस्त केली नाही.

काही वर्षांपूर्वी एका औषध कंपनीच्या प्रयोगावर मला काम मिळालं होतं. बकऱ्यांच्या जंतावर झाडपाल्याचं नवं औषध. गावोगावच्या बकऱ्यांचे दोन गट पाडायचे — एकाला नवं औषध द्यायचं, दुसऱ्याला काहीच द्यायचं नाही, आणि पावसाळाभर दोन्हीकडे काय होतं ते बघायचं. माझ्याकडे उंद्री गाव होतं. बकरी ज्याची त्याच्याच घरी राहणार, चारा-पाणी त्याचंच. फक्त कंपनीशी करार करायचा.

तो करार चांगला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण दोष कागदाचा नव्हता. समाजमंदिराच्या ओट्यावर मी तो स्वतः मोठ्यानं वाचून दाखवला होता. त्यात लिहिलं होतं की बिनऔषधाच्या गटातल्या एखाद्या बकरीची पापणी पांढरी पडली, तर तिला त्याच दिवशी प्रयोगातून काढायचं आणि खात्रीचं औषध पाजायचं. मालकाला विचारायचं नाही, कंपनीच्या साहेबांना विचारायचं नाही. आधी औषध, मग फोन. आणि एक कलम असंही होतं की प्रयोग चालू असेपर्यंत मालकानं आपल्या मनानं बाहेरचं जंताचं औषध देऊ नये. वाचून झाल्यावर मी वरतून माझं वाक्य जोडलं — बकरी आधी, प्रयोग मागून. बायामाणसांनी माना डोलावल्या. कसा फुशारलो होतो त्या दिवशी!

पापणीचं जरा सांगायला हवं. रक्त पिणारे जंत झाले की बकरी हळूहळू आतून रिकामी होते. बाहेरून फार दिसत नाही. पण खालची पापणी अंगठ्यानं ओढून आतला रंग पाहिला, की कळतं. लालभडक असली तर ठीक. गुलाबी — नजर ठेवा. पांढरी — बकरी मरायला टेकली. रंगांची एक पट्टी मिळते, ती डोळ्याजवळ धरायची आणि जुळवायचं. पहिलीतलं लेकरूही करील. याला ना शिक्षण लागतं, ना अक्कल. फक्त जे दिसतं ते म्हणावं लागतं.

सुमनमावशींची टिकली बिनऔषधाच्या गटात होती. मावशी घरात एकट्या, मुलगी खामगावला दिलेली. टिकली जन्मली तेव्हाच तिची माय गेली होती. मावशींनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं, थंडीत आपल्या गोधडीत घेतलं. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली. ती पहिल्यांदाच गाभण राहिली होती. मी गेलो की मावशी दारातूनच म्हणायच्या, "जय भीम डॉक्टर, या, पाहा आमच्या लाडीले." आणि चहा टाकायच्या. तो चहा मी दर खेपेला प्यालो. शेवटच्या खेपेलासुद्धा.

आता येतोच मुद्द्यावर. किती फेरे घ्यायचे?

त्या पावसाळ्यात बाकीच्या गावांत बकऱ्या प्रयोगातून गळत होत्या. कोणी ईदला विकली, कोणी मधेच बाहेरचं औषध पाजलं, काहींच्या पापण्या पांढऱ्या पडल्या म्हणून तिथं काम करणाऱ्या आमच्या पोरांनी नियमानं काढल्या. चिखलीच्या बैठकीत साहेबांनी सगळ्यांना झापलं. मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "उंद्रीकडे बघा. एकही बकरी गळालेली नाही. याला म्हणतात काम." सगळ्यांनी वळून पाहिलं. कोणीतरी पाठीवर थाप मारली. मला त्या दिवशी चहा-भज्यांची चव वेगळीच लागली होती. बस्स, राजेहो, एवढंच कारण. नोकरी जाणार नव्हती. कोणी धमकी दिली नव्हती. एका माणसानं दहा जणांसमोर माझं नाव घेतलं होतं आणि ते मला आणखी एकदा ऐकायचं होतं.

त्यानंतरच्याच फेरीत मी टिकलीची पापणी ओढली. पांढरी होती.

पांढुरकी नाही, फिकट नाही. धुतलेल्या धोतरासारखी पांढरी. मी पट्टी धरली, पुन्हा धरली, उन्हात नेऊन धरली. मावशी बाजूला उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय म्हनते?" आणि मी म्हणालो, "गुलाबी हाये मावशी. ठीक हाये."

औषधाची बाटली बॅगेत होती. बॅग मोटारसायकलला लटकवलेली. आणि मोटारसायकल — दारात!

मी स्वतःला काय सांगितलं असेल? की पंधरवड्यानं पुन्हा पाहू. की गाभण आहे, रक्त जरा कमीच असणार. की प्रकाश बरोबर नव्हता. माणसाला खोटं बोलायचं असलं की सूर्यसुद्धा साक्षीला येतो.

पुढच्या फेरीला टिकलीच्या जबड्याखाली सूज उतरली होती. लोंबती, पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी. मी बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. हे काय असतं ते आम्हाला पहिल्याच वर्षाला शिकवतात. मावशी काळजीत होत्या. म्हणाल्या, "डॉक्टर, हे चारा सोडून राह्यली. कुटाराले तोंड लावत नाही. पोरगी येऊन राह्यली खामगावहून, तिले मेडिकलातून जंताची बाटली आनाले सांगू का?"

इथं मी जे केलं, ते लिहिताना माझी मलाच शिसारी येते.

मी आवाज चढवला. म्हणालो, "मावशी, करार केला ना आपन? बाहेरचं औषध देता येत नाही त्यात. देसान तर नाव कटन तुमचं." ज्या कागदानं त्या बकरीला वाचवायचं होतं, त्याच कागदाचा धाक मी तिच्या मालकिणीला घातला. मावशींवरचं कलम मला पाठ होतं. माझ्यावरचं? तेही पाठ होतं. कळत नव्हतं असं नाही हो. सगळं कळत होतं.

मावशींनी लगेच माघार घेतली. करार म्हणजे करार, शब्द दिला म्हणजे दिला, असं मानणारी बाई ती. "नाही नाही," म्हणाल्या, "तुमी मनता तं नाही देत." आणि आत जाऊन चहा ठेवला. मी प्यालो. बशीत ओतून, फुंकून, निवांत प्यालो. टिकली समोर मान टाकून बसली होती आणि मी बशीतून तिच्याकडे बघत होतो.

चार-पाच दिवसांनी मावशींचा फोन आला की बकरी उठत नाही. मी म्हणालो, उद्या येतो. मला दुसरं काहीही काम नव्हतं. सूज पाहिली तेव्हाच मनातल्या मनात मी तिला मेलेली धरून चाललो होतो, आणि आता ती एकदाची मरावी म्हणून वाट पाहत होतो — हेही खरंच आहे, तर लिहितो. आजारी बकरी काढली तर गळालेली धरतात. अपघातानं मेली तर धरत नाहीत.

गेलो तेव्हा ती मेलेली होती. पोट फुगलेलं, तसं मेलेल्या जनावराचं फुगतंच. शेजारच्या रफिकभाईंनी नाल्याकाठी खड्डा खणून ठेवला होता. ते तिला तिथं टाकून परत गेले आणि मी एकटा राहिलो. मेलेली बकरी उघडून पाहायची, हाही करारातलाच नियम. बकरीच्या पोटाचे चार कप्पे असतात, हे जंत चौथ्यात राहतात; मी तो चिरला. आत वळवळ होती. लाल-पांढरे दोरे, बारीक, एकमेकांत पिळलेले, मूठभर, दोन मुठी — बकरी मेली होती तरी ते जिवंत होते. आणि खाली पिशवीत दोन करडं. अंगावर नुकतीच लव आलेली. एकाच्याही कपाळाकडे मी बघितलं नाही. बघायचं टाळलं.

तुम्हाला वाटेल, त्या जंतांची किळस आली असेल. नाही. ते बिचारे त्यांचं पोट भरत होते. मला त्या रबरी हातमोज्यातल्या हातांची किळस आली, ज्यांनी पापणी ओढली होती. मी तिथंच भडभडून ओकलो, मग नाल्यात तोंड धुतलं, मीठ टाकून खड्डा बुजवला आणि भांग पाडून परत गेलो. हो, भांग पाडला. आरशात बघून, मोटारसायकलच्या.

ओट्यावर पाच-सहा जण जमले होते. रफिकभाईंनी विचारलं, "क्या निकला डॉक्टर?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना! मी उलट मावशींनाच प्रश्न केला. "मावशी, ओला पाला घातला होता का हिले? सोयाबीनचा?"

आजारी बकरी काही खात नव्हती. तिनं काहीतरी खावं म्हणून कोणती बाई हिरवा पाला पुढं करणार नाही? मला तेवढंच पाहिजे होतं; पाल्यानं पोट फुगून मेली की तो अपघात ठरतो. मावशींचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "हाव. निंदनाहून येतानी ओटीत घेऊन आली व्हती. म्याच घातला. दोन पानं खाल्ले तिनं."

"मग पोट फुगून गेली," मी म्हणालो. "ओला पाला लागला."

मावशी खाली बसल्या. थोड्या वेळानं डोळे पुसून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले. माझ्यापुढं. म्हणाल्या, "डॉक्टर, मले माफ करजा. तुमचा प्रयोग बिघडवला म्या."

आणि मी त्यांना माफ केलं.

खोटं सांगत नाही. मी म्हणालो, "असू द्या मावशी. होते कधी कधी." मोठ्या मनानं म्हणालो. लोकांना माझं वागणं आवडलं. रफिकभाईंनी मला वेशीपर्यंत पोचवलं. पुढच्या बैठकीत उंद्रीचं नाव पुन्हा निघालं, साहेब पुन्हा बोलले, आणि मी पुन्हा भजी खाल्ली.

मावशींचं नाव मी इथं बदललंय. त्यांच्यासाठी नाही. त्या पेपर वाचतात, पुस्तकं वाचतात, मला भीती वाटते. पाहा, एवढं सगळं लिहूनही मी माझीच कातडी वाचवतोय.

त्यांनी पुन्हा बकरी पाळली नाही. आपल्या हाताला गुण नाही म्हणतात. मुलगी एक पाठ, म्हणजे तरणी बकरी, देत होती, ती परत पाठवली.

मागच्या महिन्यात लसीकरणाला उंद्रीत गेलो होतो. एक नवी सून आपली बकरी घेऊन रांगेत उभी होती, हातात हिरवा पाला. मावशी ओट्यावरून उठून आल्या, तिच्या हातातला पाला काढून घेतला आणि म्हणाल्या, "नको घालू वो बाई. म्या घातला व्हता. माही टिकली गेली, पोटातल्या लेकरासकट. म्या मारली तिले." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सांगा ना डॉक्टर हिले. खरं हाये ना?"

सून माझ्याकडे बघत होती. मी सिरिंज भरत होतो.

"हो," मी म्हणालो. "खरं आहे."