सुंदराच्या नावाची काच

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्या डॉक्टरांच्या हाताखाली नोकरी संपवली त्यांनाही नाही. तुम्हालाच का सांगतोय — मलाही नीट कळत नाही.

सत्तरच्या दशकात मी हिवतापाचा कर्मचारी होतो. कुरुंदवाडच्या बाजूचे मळे माझ्याकडे. पंधरवड्याला घरोघर जायचं, ताप आलेल्याचं बोट टोचायचं, काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि गोळ्या आपल्यासमोर गिळायला लावायच्या. काचा तपासायला कोल्हापूरला जात. काम सोपं, पण पायपीट फार. आणि मी आळशी. आळशी — हा शब्दसुद्धा इथं फार सौम्य वाटतो.

शिवाप्पा नावाचा शेतकरी बाजारात भेटला. त्याच्या बायकोला, सुंदराला, दोन दिवस हुडहुडी भरत होती. येऊन रक्त घ्या म्हणाला. मी म्हणालो, उद्या येतो.

दुसऱ्या दिवशी मळ्याची वाट चिखलानं भरलेली. मी — थांबा, आधी पुढचं सांगतो. चार दिवसांनी निकाल आला. सुंदराच्या काचेत हिवताप नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तो कागद बघितला आणि विषमज्वर धरून औषध चालू केलं. त्यांचं काय चुकलं? तापाच्या नवव्या दिवशी ती गेली. तिची पोर दोन वर्षांची होती.

पुढं ऐंशीनंतर कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका हॉलमध्ये आमचं प्रशिक्षण होतं. एका तरुण डॉक्टरांनी रक्तातल्या काही पेशींबद्दल सांगितलं, नुकत्याच सापडलेल्या. मारेकरी पेशी. शत्रूची आधीची ओळख लागत नाही, म्हणे. पहिल्याच दिवसांत त्या अंगावर धावून जातात, हिवतापातही त्यांचा जोर वाढलेला दिसतो. पण जंतू हाताबाहेर गेले तर त्यांच्या एकट्यांच्यानं आवरत नाही, औषध लागतंच. सगळे वहीत लिहून घेत होते. मला पुढचं काही ऐकू येईना. म्हणजे मी ‘उद्या येतो’ म्हणालो तेव्हाही तिचं रक्त झुंजत होतं? कितीतरी दिवस, एकट्यानं? आणि गोळ्या माझ्या पिशवीत होत्या.

तर — मी त्या मळ्यात गेलोच नाही. महिन्याच्या ठरलेल्या काचा कमी पडत होत्या. मी घाटाच्या पायरीवर बसलो, स्वतःचंच बोट टोचलं, तो थेंब काचेवर घेतला आणि काचेवर सुंदराचा नंबर घातला. रजिस्टरात लिहिलं, गोळ्या दिल्या. त्या गोळ्या पंचगंगेत टाकल्या. कोल्हापूरचा निकाल अगदी बरोबर होता. रक्त माझं होतं आणि मला काहीही झालेलं नव्हतं.

शिवाप्पाला सांगितलं, तू शेतात होतास तेव्हा येऊन गेलो. सुंदरा त्याला म्हणत राहिली, कुणी आलं नाही. तापात बरळतीया, असं तोच मला सांगायचा. शेवटपर्यंत ती बाई खरं बोलत होती आणि तिच्या नवऱ्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. तेव्हाही मी तोंड उघडलं असतं तर? तेव्हा गोळ्या मिळाल्या असत्या तर? मला सगळं कळत होतं. माझी नोकरी जाईल याची मला भीती वाटली.

त्या साली गुऱ्हाळं लागली तेव्हा शिवाप्पा माझ्या बिऱ्हाडी आला. काखेत गुळाची लहान ढेप, कडेवर पोर.

“तुमी तरी चिखलातनं आलासा, सायेब,” तो म्हणाला. “आमच्याकडं कोण येतंय?”

मी ढेप दोन्ही हातांनी घेतली. त्याला चहा दिला. तो रडायला लागला तेव्हा त्याच्या पाठीवरून हातही फिरवला. पोरगी माझ्याकडं एकटक बघत होती.

महिनाभर आम्ही तो गूळ खाल्ला. गूळ चांगला होता.