डब्याआधीची प्रार्थना

सिंगापूरमध्ये पासिर रिसला आमच्या ब्लॉकखाली रोज सकाळी शाळेची व्हॅन यायची. ती चालवणारे चिनी अंकल निघण्याआधी आरशाला बांधलेल्या, देवळातून आणलेल्या लाल ताइताला दोन बोटं लावायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

माझी मुलगी त्या व्हॅनने ख्रिस्ती शाळेत जाऊ लागली आणि डबा उघडण्याआधी डोळे मिटून येशूचे आभार मानू लागली. माझी झोप उडाली. पोरगी हातची जाणार, असंच वाटायचं. शेवटी काय करावं, ते अंकलना विचारलं.

ते हसून आपल्या सिंगापुरी ढंगात म्हणाले, "माझा मुलगा त्याच शाळेत शिकला, बॉस. आता चर्च नाही, देऊळ नाही, संडेला फक्त शॉपिंग लाह! तुझी निदान डोळे तरी मिटते. मिटू दे."

मी ऐकलं नाही. त्याच संध्याकाळी तिला दरडावलं, "आपल्या घरात हे चालणार नाही." तिने प्रार्थना सोडली. गणपतीत आरतीला हाक मारली, तर ती दारातच थांबली.

"बाबा, यू सेड नो प्रेइंग."

पुढे तिने कुठेच हात जोडले नाहीत. शाळेने पोरीचा देव काढून घेतला, असं मी नातेवाइकांना आजवर सांगत आलो. अंकलना मात्र तसं सांगायची हिंमत कधी झाली नाही.