ओटीतला चोविसावा डबा

दुकानात माल पोचवणाऱ्याला चहा मिळतो. दुकानातून माल परत आणणाऱ्याला बसायला स्टूलसुद्धा मिळत नाही. आष्ट्याच्या एका एजन्सीत मी हे दुसरं काम करतो. मुदत संपलेली बिस्किटं, गळकी शॅम्पूची पाकिटं, उंदरानं कुरतडलेले साबण, सगळं गोळा करायचं आणि यादी करून कंपनीकडं पाठवायचं. शिराळ्याच्या बाजूचे दुकानदार मला 'माघारी' म्हणूनच ओळखतात. "आलं बगा माघारी," असं म्हणून मान वर न करणारे महाभाग आहेत. मला त्याचा राग यायचा, पण मनातून थोडा तोराही होता. माझ्या यादीतला एक नग कधी इकडचा तिकडं झाला नव्हता.

मागच्या वर्षी एका सकाळी मालकांना कंपनीचा निरोप आला. बाळांना भरवायच्या पावडरीचा एक लॉट सदोष निघाला आहे, त्यातला एकही डबा विकू नये, गिऱ्हाइकाच्या घरी गेला असेल तर तिथूनही परत आणावा. दोष काय, ते लिहिलं नव्हतं. न लिहिल्यामुळंच जास्त भीती वाटली. त्या लॉटचा चोवीस डब्यांचा एकच खोका आमच्याकडं आला होता आणि तो सगळा माझ्या लाईनीवरच्या दुकानांत गेला, असं मी धरून चाललो होतो.

"सांजच्या आत चोवीसच्या चोवीस पायजेत," मालक म्हणाले. "लोणंदच्या गोदामाला गाडी जायची हाय."

निघालो. दुकानदारांना आज विनोद सुचत नव्हते. डब्याच्या बुडावरचा नंबर दाखवला की ते मुकाट्यानं डबे काढून द्यायचे आणि विकलेला डबा कुणाच्या घरी गेला तेही सांगायचे. गावात एवढं बरं असतं, कुणाच्या घरात काय शिजतं ते दुकानदाराला ठाऊक असतं. दुपारी बारापर्यंत माझ्या गाडीत तेवीस डबे होते. एका घरात तर पोरीच्या तोंडाजवळ गेलेला चमचा मी अक्षरशः हातातून काढून घेतला.

चोविसावा कुठल्याच दुकानाच्या नावावर दिसेना. शिराळ्याच्या एसटी स्टँडसमोर गाडी उभी करून मी कागद पुन्हा वरून खाली वाचले. शेवटच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: एक नग, डॅमेज.

चेपलेला डबा कंपनीला पाठवायचा तर कागदपत्रं फार. म्हणून तसा एखादा डबा आम्ही एजन्सीतलेच लोक घरी न्यायचो. 'डबा चेपतो, माल चेपत नाही,' हे आमचं ठरलेलं वाक्य. तसा तो डबा मी घरी नेला होता. आणि माझी बहीण पाच महिन्यांचं बाळ घेऊन सासरी निघाली, तेव्हा माझ्या बायकोनं तिची ओटी भरताना खणानारळाबरोबर तोच डबा तिच्या ओटीत घातला होता.

बहिणीचं पहिलं मूल जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी गेलं होतं. हे दुसरं. आठ दिवसांपूर्वीच त्याची उष्टावण झाली होती आणि मामा म्हणून खिरीचं पहिलं बोट मीच त्याला चाटवलं होतं. आता डबा सुरू करायला हरकत नाही, असं त्याच दिवशी मी मोठ्या तोऱ्यात सांगून आलो होतो.

फोन लावला. तो तिच्या सासूनं उचलला.

"ती धुनं घिऊन वड्याला गेलीया. काय काम हुतं, पावणं?"

तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, की आत्या, तो डबा बाळाला देऊ नका. पण 'का' म्हणून विचारलं असतं, आणि मग तो डबा कुठून आला ते सांगावं लागलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "काही नाही, सहज केला." फोन ठेवला आणि स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली. परत लावला तर लागेना. डोंगराच्या कुशीतलं गाव, रेंज येते आणि जाते. वाटेत एका दुकानातून दुसऱ्या लॉटचा नवाकोरा डबा घेतला आणि गाडी जेवढी पळेल तेवढी पळवली. त्या पाऊण तासात मी देवाला काय काय कबूल केलं ते इथं सांगत नाही.

सासू सोप्यात बसली होती. मांडीवर बाळ होतं, मलूल. नेहमी मला बघून हातपाय झाडणारं पोर नुसतं टकामका बघत होतं.

"कालधरनं प्वाट चालतंय त्येचं," ती म्हणाली. "आज दूदबी वडंना."

तरीही मी खोटंच बोललो. आजही त्याची लाज वाटते. म्हणालो, "आत्या, आम्ही दिलेल्या डब्याची तारीख संपत आलीय. हा नवीन आणलाय, तो द्या माघारी."

तिनं बाळाला जवळ ओढलं.

"ओटीत घातल्यालं कुनी माघारी न्हेतं व्हय, पावणं?"

"डबाच तर आहे, आत्या."

"डबा आसू दे न्हाईतर तांदळाचा दाना आसू दे. लेकुरवाळीच्या ओटीतलं हाय. पयल्या बारीला काय झालं ते इसरला का तुमी? पोरगा माजा तिकडं बॉर्डरवर. हितं काय वंगाळ झालं तर त्येला म्या काय सांगू? न्हाई द्यायची."

तिचं काही चुकत नव्हतं. ओटीतलं परत मागायला आलेला माणूस मीही दारात उभा केला नसता. तेवढ्यात बाळ किरकिरलं, तिनं त्याला खांद्यावर घेतलं, आणि मग मात्र मला राहवेना. एका दमात सगळं सांगून टाकलं. त्या लॉटमध्ये दोष आहे, कंपनीनं सगळे डबे परत मागवलेत, बाळाला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं. आणि तो डबा दुकानातला नव्हता, चेपलेला म्हणून एजन्सीतून उचललेला होता, म्हणून मघाशी फोनवर बोलायची हिंमत झाली नाही.

सासू शांतपणे म्हणाली, "चेपल्याला व्हय. मग न्ह्या. ती वटी न्हवंच."

माझ्यामागं दारात बहीण उभी होती. कडेवर ओल्या धुण्याची बादली. तिनं किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. बादली ठेवून ती आत गेली, कणगीच्या मागं हात घालून डबा काढला आणि माझ्या हातात दिला. त्याचं सील जसंच्या तसं होतं.

"आगं, मग रोज काय चारतीस त्येला?" सासूनं विचारलं.

"नाचणीचं सत्त्व," ती म्हणाली. "डब्यातलं हाय म्हणून सांगत हुते."

तरी बाळाला शिराळ्याच्या दवाखान्यात नेलंच. डॉक्टरांनी हिरड्या दाबून बघितल्या, दात येतायत म्हणाले, आणि एक बाटली लिहून दिली. परतताना गाडीत बाळ आईच्या मांडीवर झोपलं होतं.

गाव जवळ आलं तेव्हा ती समोर बघतच बोलली.

"वैनीनं वटी भरली तवाच डब्याचा चेप हाताला लागला हुता मला. पदर वडून घेतला, न्यायला आलेल्या सासूबाईस्नी दिसू ने म्हणून. तू दिलेला म्हणून टाकवंना दादा, आन् चेपलेला म्हणून त्येच्या तोंडात घालवंना."

मी विचारलं, "मग मला एका शब्दानं का नाही बोललीस?"

"बोलले आसते तर तू दुसरा आनून दिला आसतास," ती म्हणाली. "मला मागून घेतल्याला नगं हुता."