परक्या देवीपुढे माझी नोकरी

माझ्या नोकरीचा निकाल एका परक्या देवीच्या दारात, तळलेल्या टोफूच्या वासात लागावा, असं माझ्या नवऱ्याला आणि सासूबाईंना वाटलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली, पण ती संध्याकाळ आठवली की माझं डोकं अजून तापतं.

आम्ही तेव्हा टोकियोच्या फुनाबोरी भागात राहत होतो. टोकियोतल्या बँकांना कॉम्प्युटरवाली माणसं हवी होती, पुण्यातल्या कंपन्या ती विमानं भरभरून पाठवत होत्या आणि त्यांच्यासोबत आम्ही बायका येत होतो. नवऱ्याच्या व्हिसावर त्याचं काम लिहिलेलं होतं. माझ्या व्हिसावर मी त्याच्यावर अवलंबून आहे, एवढंच. पुण्यात मी कॉलेजात गणित शिकवत होते. इथे आल्यावर जळणारा कचरा कुठल्या वारी, न जळणारा कुठल्या वारी आणि बाटलीचं झाकण कशात, हे शिकले. जपानीही त्यातूनच शिकले. इमारतीखाली लावलेल्या नोटिसा वाचून, मुलीच्या बालवाडीतल्या बायकांशी बोलून, दवाखान्यात हातवारे करून. नवऱ्याला ऑफिसात दुभाषी होता. घरी मी होते.

अशात जवळच भारतीय मुलांसाठी एक शाळा निघाली आणि त्यांना गणिताला शिक्षक हवा होता. मी जाऊन भेटले, एक तास घेऊन दाखवला. मोठ्या सुट्टीनंतरच्या सोमवारपासून या, म्हणाले. घरी येताना मी सायकल इतक्या जोरात हाणली की पुलाच्या चढावरसुद्धा उतरले नाही.

नवरा म्हणाला, "माझी काही हरकत नाही."

मग जरा वेळाने म्हणाला, "पण एवढी गरज आहे का?" मग जेवताना, "बालवाडी दोनला सुटते, मग?" मी सांगितलं, खालच्या मजल्यावरची तैवानची बाई तिच्या मुलासोबत हिलाही आणेल, बोलणं झालंय. तर भात कालवत म्हणाला, "ठीक आहे. आईला एकदा विचार, म्हणजे झालं."

आई म्हणजे त्याची आई. सासूबाई तेव्हा आमच्याकडे राहायला आल्या होत्या. तळकोकणातल्या गावाबाहेर फारशा न पडलेल्या, पण नजर तिखट. त्यांना विचारायचं कशासाठी? नवरा इकडे यायला निघाला तेव्हा त्याने कुणाला विचारलं होतं? पेढे वाटले होते नुसते. तरी मी विचारलं. त्या लसूण सोलत राहिल्या. सुट्टी संपत आली तरी हो नाही की नाही नाही.

त्याच दिवसांत खालच्या तैवानी बाईने बोलावणं केलं. त्यांच्या लोकांचं शहरात एक छोटं देऊळ होतं. समुद्राच्या, खलाशांना सांभाळणाऱ्या देवीचं. तिच्या जन्मदिवसाला देवळाशेजारच्या गल्लीत तैवानमध्ये भरतो तसा रात्रीचा बाजार भरायचा. सासूबाईंनी 'देऊळ' एवढाच शब्द ऐकला आणि नवी साडी काढली. जपानी देवळांनी त्यांची पार निराशा केली होती. "सगळा कसा हॉस्पिटलासारखा गप्प," त्या म्हणायच्या.

इथे मात्र गप्प काही नव्हतं. गल्लीच्या तोंडापासूनच लाल कंदील, तव्यांवरचा धूर, ओरडणारे विक्रेते. आंबवलेला टोफू तळत होते, त्याचा वास असा की नवऱ्याने रुमाल काढला. सासूबाईंना वासाचं काही नाही, सुकटीच्या घरातल्या त्या. एका गाडीवर आल्याच्या गोड पाण्यात तांदळाच्या पिठाच्या गोळ्या मिळत होत्या. त्यांनी एक खाल्ली आणि म्हणाल्या, "पीठ बरा मळलाहा. मोदक होतले ह्येचे." कुणाचं कौतुक करताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकत होते. मला खरंच बरं वाटलं. मनात म्हटलं, आज खुशीत आहेत, परतताना पुन्हा विषय काढावा.

मग आम्ही देवळात गेलो. गाभाऱ्यात काळ्या तोंडाची, सोन्याच्या मुकुटातली देवी, पुढे उदबत्त्यांचं जंगल. आणि जमिनीवर लोक लाकडाचे दोन लाल तुकडे टाकत होते. काजूच्या आकाराचे, तळव्यात मावतील एवढे, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. टाकायचे, बघायचे, नमस्कार करायचा.

सासूबाई जागच्या जागी थांबल्या. "अगो, ह्यो तर कौल!"

तिथल्या सेवेकरी बाईंनी मला जपानीत समजावलं, मी सासूबाईंना. एक सपाट नि एक फुगीर पडला तर देवीचा होकार. दोन्ही फुगीर बाजू वर आल्या तर नकार. दोन्ही सपाट वर, तर देवी हसते आहे. गावी कौलाला देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या लावतात, उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. पण गावी कौल लावतो तो गुरव, गाऱ्हाणं घालतात ते मानकरी. बायका मागे, पदर डोक्यावर घेऊन. सासूबाई आयुष्यभर मागे उभ्या होत्या. इथे टोपलीत तुकडे उघडे पडले होते, कुणीही उचलावेत.

त्यांनी उचलले. डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं. "गे माये! आज ह्या लांबच्या मुलखात माझो झील, सून नि नात तुझ्या पायाकडे उभी हत. काय चूकभूल झाली आसात ती पदरात घे, गे माये!"

माझा नवरा, जो गणपतीच्या आरतीतसुद्धा मोबाइल बघतो, तो पाठीमागून ओरडला, "व्हय महाराजा!" गाऱ्हाण्याला मागून अशी साथ द्यायची लहानपणची सवय. मला हसू आलं.

"झिलाच्या कामाक यश दी, गे माये!"

"व्हय महाराजा!"

"सुनेच्या डोक्यात नोकरीचा जा काय खूळ शिरला हा, ता काढून टाक, नि तिका घरात सुखान रवाची बुद्धी दी, गे माये!"

"व्हय महाराजा!"

तो म्हणाला. तोच सूर, तोच जोर. मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या लक्षात आलं, त्याने कान खाजवला, पण शब्द मागे घेतला नाही. सासूबाईंनी तुकडे टाकले.

मला इतका संताप आला की मुलीचा हात मी घट्ट आवळला, आणि ती जपानीत "दुखतंय" म्हणाली. तो इथे आला ती संधी, आणि मी कामाला निघाले तर ते खूळ! आठवडाभर माझ्याशी एक शब्द न बोलणाऱ्या या बाई देवीशी घडाघडा बोलल्या. जन्मात पहिल्यांदा देवापुढे तोंड उघडायला मिळालं, तर मागणं काय, तर दुसऱ्या बाईचं तोंड बंद कर!

दोन्ही तुकडे सपाट बाजू वर करून पडले होते. सासूबाईंनी पुन्हा टाकले. पुन्हा तेच.

सेवेकरी बाई पुढे आल्या. देवी हसते आहे, म्हणाल्या, म्हणजे प्रश्न नीट विचारलेला नाही. "आजी काय विचारताहेत?" हे मला. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, कारण त्याला त्यातलं काही कळलं नव्हतं. म्हणजे माझ्याविरुद्धचं गाऱ्हाणं जपानीत करून सांगायचं तेही मीच. सांगितलं. एक शब्द गाळला नाही. 'खूळ'सुद्धा सांगितलं.

त्या बाईंना गंमत वाटली नाही. म्हणाल्या, "नोकरी तुमची ना? मग तुम्हीच विचारायला हवं. नाव सांगायचं, पत्ता सांगायचा, मग प्रश्न."

मी हे मराठीत सांगितल्यावर नवरा चटकन म्हणाला, "हो, तूच विचार. काय येईल ते आपण सगळे मानू." सुटल्यासारखा चेहरा झाला त्याचा. सासूबाईंनी तुकडे माझ्या हातात ठेवले. त्यांचा देवीवर विश्वास होता, त्यात खोट नव्हती. नकार पडला असता तर त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला असता, आणि होकार पडला असता तर सोमवारी मला डबासुद्धा भरून दिला असता. हेच मला सहन होईना. होकार आला तरी तो मी मिळवलेला नसता. दोन लाकडांनी दिलेला असता.

मी देवीपुढे गेले. नाव सांगितलं. लग्नाआधीचं आणि नंतरचं, दोन्ही. फुनाबोरीचा पत्ता सांगितला, इमारत, मजला, खोली. मग सासूबाईंच्याच आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गे माये, मी सोमवारपासून शाळेत गणित शिकवायला जाते आहे. विचारायला आले नाही. सांगायला आले."

आणि तुकडे न टाकता टोपलीत ठेवून दिले.

"अगो, असा चालत नाय," सासूबाई पुटपुटल्या. सेवेकरी बाई मान वाकवून बाजूला झाल्या. बाहेर कुणीतरी भोंग्यावरून कांद्याच्या पातीच्या गरम पोळ्यांची हाळी देत होतं. मी तशीच उभी राहिले. गाऱ्हाणं घातलं होतं, त्याला मागून साथ लागते, तशी ती येईल म्हणून. नवरा माझ्या अगदी पाठीशी होता. मघाशी तीनदा न विचारता ओरडलेला माणूस. तो कंदिलांकडे बघत राहिला.

मग मीच म्हणाले, "व्हय महाराजा."