'चाला' म्हणण्याआधीची शांतता

धानाची कापणी उरकत आली की आमच्या मोहाडी गावच्या सकाळी एक ओलसर, गोडूस गंध रेंगाळत असतो. कोवळ्या उन्हात तणशीची धूळ तरंगत असते आणि साऱ्या आसमंताला एक तृप्त आळस चढलेला असतो. यंदा अशाच एका प्रसन्न सकाळी मला एक आवाज ऐकू आला. बारीक, सलग, दातांमागे जीभ टेकवून कुणी श्वास सोडत राहावे तसा! थोरल्या भावाच्या अंगणात उभ्या असलेल्या जुन्या बसच्या पोटाखालून तो येत होता.

हा माझा थोरला भाऊ घरालाही भाऊच आणि गावालाही भाऊच. उमेदीची सारी वर्षे त्याने चिखल्याच्या खाणीतल्या कामगारांना पाळीवर नेण्या-आणण्यात घालवली. पुढे ती बस मोडीत निघाली, तेव्हा तिचा विरह न सोसून तो तिला घरीच घेऊन आला. मागची बाकडी काढली, तिथे पडदे, पेट्या आणि रंगाचे सामान ठेवायला लोखंडी खण ठोकून घेतले, आणि दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, नाटके करीत हिंडणाऱ्या मंडळींची ती गाडी झाली. जन्मभर मँगनीजची काळी धूळ खाल्लेली ती बस म्हातारपणी नटांच्या संगतीला लागली, याचे मला फार हसू येई. "बुढीले पावडर लावली काय गा भाऊ?" मी चिडवायची. तो नुसता हसायचा.

या बसचे ब्रेक हवेवर चालतात. टाकीत कोंडलेली हवा पायाच्या दाबाने नळ्यांतून चाकांपर्यंत पोहोचली की गाडी थांबते; ती वाटेतच गळून गेली, तर मग पाय कितीही दाबा, गाडी कुणाचे ऐकत नाही. म्हणून निघण्यापूर्वी भाऊ टाकी पूर्ण भरू देई, इंजिन बंद करी, ब्रेकवर पाय ठेवी आणि एक हात वर करी. त्या हाताबरोबर सारी बस गप्प होई! पाळीवर निघालेले, जेवणाचे डबे मांडीवर घेतलेले, एकमेकांची टर उडवणारे ते दांडगे खाणकामगार अर्ध्या वाक्यात थांबत. विहारात वंदना सुरू होण्याआधी असते तशी ती शांतता होती. भाऊ कान देऊन ऐके, कुठे हवा गळत नाही याची खात्री करून घेई आणि म्हणे, "चाला." मिस्त्री लोक गळती शोधायला साबणाचे पाणी लावतात, त्याची तो थट्टा करी. नाटकवाल्यांनीही पुढे त्याची ही रीत मनोभावे उचलली.

त्या दिवशी दिघोरीच्या मंडईत नाटक होते आणि मीही हौसेने निघाले होते. मंडळी गाडीत बसली. भाऊने इंजिन बंद केले, हात वर केला. सगळे निःशब्द झाले, आणि त्या शांततेत तो आवाज लख्ख ऐकू येऊ लागला. भाऊ क्षणभर मान कलती करून बसला. मग समाधानाने म्हणाला, "काहीच नाही. चाला."

माझ्या शेजारी नायिकेचे काम करणारी सुनंदा बसली होती. ती हळूच कुजबुजली, "ताई, हा आवाज मागच्या मंडईपासून येऊन राहिला. भाऊले माहीत असन म्हणून आमी कोणी काही बोललो नाही."

काय म्हणावे या आदराला? त्याने शांतता मागितली ती ऐकण्यासाठी; आम्ही ती श्रद्धेने पाळली आणि ऐकलेले मात्र त्याला सांगितले नाही! ज्या इंजिनाशेजारी बसून तो जन्मभर कान देत राहिला, त्या इंजिनानेच त्याचे कान हळूहळू नेले असतील. माझ्या थट्टेवर तो नुसता हसायचा, ते हसणे आता मला आठवू लागले. त्यातले किती माझ्या बोलण्यावरचे होते आणि किती केवळ माझ्या हलत्या ओठांवरचे? मला फार वाईट वाटले. पण गाडीत एवढी माणसे होती आणि पुढे वाट होती. कुणीतरी बोलणे भाग होते.

"भाऊ, हवा जाऊन राहिली ना!" मी ओरडलेच. "तुले आयकू नाही येत काय?"

"कायची हवा?" तो उसळला. "मले शिकवतं काय तू?"

मग त्याने मागे वळून एकेक चेहरा पाहिला. कुणीच त्याच्या नजरेला नजर देईना. तेव्हा त्याने समोरच्या हवेच्या काट्याकडे पाहिले. काट्याला बिचाऱ्याला आदर वगैरे काही कळत नव्हता. तो आपला सावकाश खाली चालला होता. भाऊ तो उतरताना बघत राहिला आणि म्हणाला, "युवराजले बोलवा."

युवराज मिस्त्री आला, बसखाली सरपटला. पडद्यांच्या लोखंडी खणाचा, बसच्या तळातून खाली आलेला कोपरा नळीला घासत होता आणि तिथेच ती झिजून फुटली होती. त्याने साबणाचे पाणी लावले तसा तिथे फेस फुगून आला. भाऊही शेजारी आडवा झाला होता. त्याने त्या फेसावर तळहात धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. "कवापासून असन हे?" त्याने विचारले. "घासता घासता झाले असतीन काही महिने," नळी सोडवता सोडवता युवराज म्हणाला. भाऊने नळीबद्दलच विचारले होते की नाही, कोण जाणे.

दुपारपर्यंत नवी नळी बसली, ती कोपऱ्यापासून दूर बांधली गेली, पुन्हा लावलेल्या साबणाला फेस येईना. भाऊने हात धुतले आणि किल्ली देवानंदच्या हातात दिली. देवानंद नाटकात खलनायक होतो आणि एरवी ट्रक चालवतो. "आता तूच चालव," भाऊ म्हणाला. कुणी नको म्हणाले नाही. कुणीतरी निदान एकदा म्हणायला हवे होते, असे मला फार वाटले, पण मीही म्हणाले नाही.

प्रवाशांच्या दाराने चढून भाऊ माझ्याशेजारी येऊन बसला. टाकी भरली. देवानंद तसाच गाडी काढणार, तोच भाऊचा हात वर गेला. इंजिन बंद झाले. सारी बस गप्प झाली. भाऊ माझ्याकडे वळला.

"बाई, तू आयक."

मी ऐकले. दूर शिवारात मळणीचे यंत्र घरघरत होते, कुणाची तरी बांगडी किणकिणली. गाडीच्या पोटातून मात्र काही येत नव्हते, काहीच नाही.

"चाला," मी म्हणाले. पण शब्द जेमतेम ओठांबाहेर आला. देवानंदने वळून पाहिले. सुनंदाने पाहिले. भाऊचा हात तसाच वर होता, आणि तो माझ्याकडे बघत वाट पाहत होता.

तेव्हा मी त्याच्या कानाशी तोंड नेले आणि थोरल्या भावाशी कधी बोलले नव्हते एवढ्या मोठ्याने, सगळ्यांसमोर म्हणाले, "भाऊ, चाला!"

मग त्याचा हात खाली आला.